पिमचं रडणं

"पुन्हा," हेडफोनमध्ये हर्षद सरांचा आवाज आला. "हेमांगी, हे रडणं नाही. ही सर्दी आहे."

काचेपलीकडे सरांच्या शेजारी दस्तगीरभाई बसले होते. ते आमचे रेकॉर्डिस्ट. सरांच्या विनोदाला हसायची स्टुडिओत पद्धत होती, पण ते हसले नाहीत. लाल दिवा लागला, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झालं. मी पडद्याकडे बघितलं. पिम नावाची थाई मुलगी थनात नावाच्या आपल्या साहेबाच्या छातीत तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडत होती. तिचे ओठ दिसत नव्हते, त्यामुळे मला शब्द जुळवायचे नव्हते, नुसतं रडायचं होतं. मी रडले. लाल दिवा विझला.

"चौथ्यांदा सर्दी," सर म्हणाले.

खरं कारण असं होतं की मला पिमची कीव येत नव्हती, राग येत होता. मालिकेचं नाव आमच्या मराठीत ‘सातवा मजला’. एका नव्या वाहिनीनं दुपारच्या बायकांसाठी परदेशी मालिका मराठीत आणायचं ठरवलं होतं आणि त्यातली ही पहिली. पहिल्या भागात हीच पिम नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबाला तोंडावर सांगते की, तुमचा हा करार कंपनीला बुडवेल. मी तो भाग करताना अक्षरशः हरखून गेले होते. म्हटलं, वा, काहीतरी बघायला मिळणार. पण पाचव्या भागापासून ती त्याच्या टायची गाठ मारायला लागली, नवव्यात त्याच्यासाठी सूप करायला लागली. बाराव्या भागात तर कमालच झाली. कंपनीचा गुप्त कागद बाहेर गेल्याचा आळ पिमवर येतो, साहेबाला खरा चोर माहीत असतो आणि तो गप्प बसतो. का, तर चोर त्याचा सख्खा भाऊ. आणि आता चौदाव्या भागात, म्हणजे शेवटच्या, तो येऊन म्हणतो, "तुझ्याशिवाय मला करमत नाही." एवढं पुरतं बाईसाहेबांना. झाली रडायला सुरुवात.

"सर, मी असते तर त्याच्या तोंडावर राजीनामा फेकला असता," मी माइकमधून म्हटलं.

"तू नसता फेकलास," सर हसून म्हणाले. "तू फार चांगली आहेस."

मला ते कौतुक वाटलं.

याला आता नऊ वर्षं झाली. स्टुडिओ पुण्यात, कर्वेनगरात एका इमारतीच्या तळघरात होता. आधी तिथे मंडपवाल्याचं सामान असायचं, त्यामुळे पावसाळी हवेत रेकॉर्डिंगच्या खोलीला ओल्या कनातीचा वास यायचा. मी तिथे आवाज द्यायला गेलेच नव्हते. फोन घ्यायचे, कलाकारांच्या तारखा लावायच्या, चहा सांगायचा, सरांची औषधं आठवणीनं द्यायची, यासाठी मला ठेवलं होतं. पाहुणे आले की सर म्हणायचे, "ही माझी सेक्रेटरी." पाहुणे गेले की त्याच सेक्रेटरीनं कपबशा उचलायच्या.

मग एक दिवस स्क्रॅचसाठी बाई मिळेना. स्क्रॅच म्हणजे कच्चा आवाज. खरा कलाकार यायच्या आधी कुणीतरी सगळी वाक्यं बोलून ठेवायची, म्हणजे समोरच्या पात्राला उत्तर द्यायला सोपं जातं. मग खरा कलाकार आला की कच्चा आवाज पुसायचा. सर म्हणाले, "फोनवर बरी बोलतेस. उभी राहा माइकसमोर." मी उभी राहिले. अशी मी पिम झाले.

थनातचा आवाज सर स्वतः देत होते. दोघांनी एकत्र उभं राहून बोलायचं नसतं. एकानं आधी बोलून जायचं आणि दुसऱ्यानं ते कानात ऐकत उत्तर द्यायचं. त्यामुळे मी एकटी काचेच्या खोलीत, कानात सरांचा आवाज, इतका जवळ की श्वास घेतलेला कळावा. "पिम, तू रजेवर गेलीस की सातवा मजला रिकामा वाटतो." मी उत्तर द्यायची. एकदा मला ताप आला म्हणून दोन दिवस गेले नाही, तर तिसऱ्या दिवशी जिन्यातच सर म्हणाले, "काय गं, तू नव्हतीस तर तळघर रिकामं वाटलं." वाक्य मालिकेतलं होतं, हे मला कळत होतं. तरी त्या दुपारी माझ्या घशाखाली डबा उतरला नाही. सव्वीस वर्षांची घोडी होते, पण अक्कल सोळाची.

पाचवा भाग झाला तेव्हा मी धीर करून विचारलं होतं. सर मला गाडीनं डेक्कनच्या बसथांब्यापर्यंत सोडायचे, तेव्हा.

"सर, पिमची खरी बाई कधी येणार?"

"खरी म्हणजे?"

"म्हणजे जिचा आवाज राहणार ती."

त्यांनी गाडी कडेला घेतली. "तूच राहणार. वाहिनीशी मी बोलतो. टीव्हीवर तुझाच आवाज येईल आणि शेवटी तुझं नाव येईल. शब्द दिला."

मी त्या दिवशी चिंचवडला घरी पोहोचेपर्यंत बसमध्ये उभी होते आणि मला जागा रिकामी झालेली दिसलीही नाही. आईला सांगितलं. आई महापालिकेच्या दवाखान्यात पंचवीस वर्षं नर्स होती, कशानं म्हणून हरखायची नाही. तिनं नुसतं "बरं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला सांगून झालं होतं. केबलवाल्याला बोलावून तिनं ती वाहिनीसुद्धा सुरू करून घेतली, मालिका यायला चार महिने असताना. सरांनाही मी हे सगळं हसत हसत सांगितलं होतं. रोज कामावरून आले की विचारायची, "आज पिमनं काय केलं?" मी सांगायची. सूप केल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "बावळटच आहे." आणि लगेच, "पण आवाज तुझा आहे ना, मग मी बघेन."

तर त्या दिवशी, चौथ्या सर्दीनंतर, सर म्हणाले, "पाच मिनिटं थांबू या, दस्तगीर."

लाल दिवा विझलेला होता. मी हेडफोन काढायला हात वर नेला.

"काढू नकोस," कानात सरांचा आवाज आला. थनातचाच आवाज, हळू आणि जवळचा. "एक सांगायचं राहिलंय. वाहिनीचा फोन आला होता. त्यांना नाववाली बाई हवी. पिमचा आवाज इरावती देणार."

इरावती म्हणजे तेव्हा टीव्हीवर रोज दिसणारी नटी. मी काचेतून सरांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

"कुठल्या भागापासून?" मी विचारलं.

"पहिल्या."

"आणि माझे तेरा भाग?"

"स्क्रॅच होते गं ते. तुला माहीत होतं."

"तुम्ही शब्द दिला होता, सर."

"दिला होता. म्हणून तर दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतोय. तू माझ्या जवळची आहेस." ते थांबले. मला रडू आलं नव्हतं, तोंडात मारल्यासारखी नुसती उभी होते. मग ते म्हणाले, "आईनं बिल्डिंगभर सांगून ठेवलंय ना? तिला काय सांगायचं, ते आपण दोघं मिळून ठरवू."

आईचं नाव निघालं आणि माझा बांध फुटला. समोरचा कागद ठेवायचा स्टँड मी दोन्ही हातांनी धरला. काचेपलीकडे दोन पुरुष बसलेत, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून एका हातानं तोंड दाबलं, तर श्वास अडकून उचकी लागली. मला लहानपणापासून तसंच रडायची सवय आहे, दाबून. हुंदका आत ओढायचा आणि मग त्याची उचकी व्हायची. किती वेळ गेला ठाऊक नाही. कुणी काही बोललं नाही. नंतर सर स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन आत आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बस आज. घरी जा. या प्रसंगाचं नंतर बघू."

आणि मी काय विचार करत घरी गेले, ते सांगायला आजही लाज वाटते. बिचाऱ्या सरांना सांगताना किती जड गेलं असेल, असा विचार करत मी घरी गेले. माझ्या डोळ्याला डोळा भिडवता येईना म्हणून केबिनमध्ये न बोलावता काचेआडून सांगितलं, असंही मीच ठरवून टाकलं.

नोकरी सोडली नाही. उलट इरावतीबाईंच्या तारखा मीच लावल्या, कारण ते माझंच काम. बाई बोलायला चांगल्या होत्या, मला "डिअर" म्हणायच्या. त्यांच्या शेवटच्या भागाच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी सरांनी मला कसल्याशा हार्ड डिस्क घेऊन वाहिनीच्या कचेरीत पाठवलं. मला वाटलं, माझ्या डोळ्यांसमोर ते नको म्हणून पाठवलं. म्हणजे तिथेही चांगुलपणा शोधायला मी तयारच.

आईला मात्र सांगितलं नाही. सर आणि मी मिळून जे ठरवणार होतो, ते सरांनी कधी काढलं नाही. मालिका सुरू झाली, दुपारी अडीचला, आठवड्यातून एक भाग. पहिला भाग संपला आणि मी घरी आले, तर आई म्हणाली, "आवाज वेगळाच वाटला गं तुझा."

"मशीनमधून जातो ना," मी म्हटलं. "टीव्हीवर तसाच येतो."

"आणि नाव?"

"नावं भराभर जातात."

"असेल," आई म्हणाली. पुन्हा विचारलं नाही. तेरा आठवडे ती आणि शेजारच्या बोडसकाकू खुर्च्या मांडून बसल्या आणि इरावतीबाईंच्या आवाजाला माझा म्हणून ऐकत राहिल्या.

चौदाव्या भागाच्या दिवशी आईनं निक्षून सांगितलं होतं की, अर्धी सुट्टी घेऊन घरी ये, शेवट आपण एकत्र बघू. मी बाराला निघाले. तळघराच्या जिन्यात दस्तगीरभाई उभे होते. मिरजेचा माणूस, सतरा वर्षं त्या धंद्यात. माझ्याशी त्यांचं बोलणं "चहा सांगा" आणि "चहा आला" एवढंच.

"घरी बघणार का, ताई?" त्यांनी विचारलं.

"आईनं बोलावलंय."

"नका बघू."

मला वाटलं, इरावतीबाईंचा आवाज ऐकून मला वाईट वाटेल म्हणून म्हणतायत. मी म्हटलं, "सवय झाली हो आता."

"ते नाही." त्यांनी जिन्याच्या वर बघितलं, खाली बघितलं. "बाईंना ते रडायचं जमलं नाही. दीड तास घालवला. मग सर म्हणाले, ती फाईल लाव."

"कुठली फाईल?"

"तुमची. त्या दिवशीची."

मला कळायलाच वेळ लागला. मी म्हटलं, "पण दिवा विझलेला होता."

दस्तगीरभाईंनी पुन्हा जिन्याच्या वर बघितलं.

"दस्तगीरभाई, दिवा विझलेला होता. मी बघितला होता."

"दिवा वेगळ्या बटणावर असतो, ताई," ते म्हणाले. "सरांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. ‘मी खूण केली की दिवा बंद कर, रेकॉर्डिंग चालू ठेव.’ आज पोरगी खरी रडेल म्हणाले."

"सकाळीच?"

"हो. इरावती मॅडमचं तर आठ दिवस आधीच ठरलं होतं."

जिन्यावर मी कितीतरी वेळ कठड्याला धरून उभी होते. म्हणजे चार वेळा मला रडायला लावलं, चार वेळा हसले आणि पाचव्यांदा खिशात ठेवलेली ती बातमी बाहेर काढली. मी नुसती उभी राहिले, रडले नाही, तेव्हा आईचं नाव घेतलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापल्यावर माणूस पाणी घेऊन आला होता.

"आणि तुम्ही केलंत," मी म्हटलं.

"केलं," दस्तगीरभाई म्हणाले. "खूण झाली की बोट जातं. मला दोन पोरी आहेत ताई, त्यांना हे सांगता येणार नाही." मग ते बाजूला झाले आणि मला वाट दिली.

मी परत खाली गेले नाही. खाली जाऊन तोंडावर राजीनामा फेकावा, असं मालिकेत शोभलं असतं, पण माझे पाय वरच गेले. बसमध्ये बसले. घरी पोहोचले तेव्हा आईनं साबुदाण्याचे वडे तळून ठेवले होते आणि बोडसकाकू आधीच येऊन बसल्या होत्या.

"ये, ये, आज तुझी परीक्षा," काकू म्हणाल्या.

मालिका सुरू झाली. थनात आला. सरांच्या आवाजात म्हणाला, "तुझ्याशिवाय मला करमत नाही, पिम." पिमनं इरावतीबाईंच्या आवाजात म्हटलं, "मी कधीच रागावले नव्हते." मग तिनं त्याच्या छातीत तोंड खुपसलं आणि त्या खोलीत मी रडायला लागले.

टीव्हीवर स्वतःचं रडणं ऐकायची वेळ कुणावर येऊ नये. हुंदका, मग दाबलेलं तोंड, मग ती उचकी. एक, दोन, तीन. मागे कुणीतरी व्हायोलिन सोडलं होतं. उचकीच्या मध्ये थनात, म्हणजे सर, म्हणाले, "बस. आता रडायचं नाही." ते त्यांनी नंतर घातलं असणार. मी हातातला वडा बशीत ठेवला. थनातनं पिमला अंगठी घातली. दोघं गच्चीवर गेली आणि नावं आली. ‘पिम – इरावती’ एवढं मला दिसलं. काकूंना चष्म्याशिवाय काही दिसायचं नाही.

"काय रडलीस गं हेमा," काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "अगदी खरं वाटलं. बाकी मालिका काही जमली नाही हो. एवढं सगळं केलं त्यानं, आणि ही त्याच्याशीच लग्न करते."

"चालायचंच," आई म्हणाली. तिनं काकूंना दोन वडे डब्यात घालून दिले, दारापर्यंत सोडलं आणि कडी लावून घेतली.

मग ती माझ्यासमोर येऊन बसली. टीव्ही बंद केला.

"इतके दिवस बोलत होती ती दुसरी होती ना?"

मी मान हलवली.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. माझ्या पोरीचा आवाज मला कळणार नाही? म्हटलं, तुला सांगायचं नाहीये, तर नको. सांगशील तेव्हा सांगशील."

"मग तू तेरा आठवडे..."

"तू मशीन म्हणालीस, मी मशीन म्हटलं." तिनं माझ्याकडे बघितलं. "पण आजची तू होतीस. ते काही नाटक नव्हतं."

मी समोरची बशी बाजूला सारली.

"दहावीला गणितात गेलीस, तेव्हा मोरीत शिरलीस आणि नळ सोडून अशीच रडलीस. ती उचकी. तुला वाटलं, नळाच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाहीये. मी दाराबाहेरच उभी होते, शेवटपर्यंत. बाहेर आलीस तर मी कुकर लावत होते. तू तोंड धुतलं होतंस म्हणून मी विचारलं नाही." आईचा आवाज दवाखान्यात पेशंटला विचारायची तसा सरळ होता. "आज विचारते. कुणी रडवलं तुला?"

"कुणी नाही, सीनच तसा होता," हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तीन-चार महिने मी दुसरं काय करत होते? त्याच्या वतीनं मीच मला समजावत होते. पिमसुद्धा हेच म्हणाली असती.

"हर्षदनं," मी म्हटलं. नोकरीच्या दोन वर्षांत पहिल्यांदा त्या नावापुढे सर लावलं नाही.

आई उठली नाही. मोरीचं दार आता मध्ये नव्हतं, नळही बंद होता. तिनं माझा हात धरून तोंडावरून बाजूला केला, कारण सवयीनं तो परत तिथे गेला होता, आणि म्हणाली, "दाबू नकोस. कुणी ऐकत नाहीये. मीच आहे."